प्याल्याआधीची तहान

आपल्याकडे कुणी दारूच्या आहारी गेला, की दोनच कारणं सांगितली जातात. संगत वाईट होती, नाहीतर नशीब फुटकं होतं. ‘एकच प्याला’मधल्या सुधाकराबद्दलही आपण हेच म्हणत आलो. तळीरामानं पाजली आणि एक हुशार वकील बुडाला.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. पुढं महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले होते, गणपतराव बोडस सुधाकर. तेव्हापासून लोक सिंधूसाठी रडत आले आहेत. आज आपण जरा सुधाकराच्या मनात डोकावू या.

नाटकातल्या पात्राचं मन तपासायचं, ही गोष्ट नवी नाही. १९१६ मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ अशीच तपासली होती. त्याचं म्हणणं साधं आहे. आपल्या वागण्याचं खरं कारण पुष्कळदा आपल्यालाच ठाऊक नसतं. ते अबोध मनात दडलेलं असतं.

सुधाकराची पडझड प्याल्यापासून सुरू होत नाही. ती कोर्टात सुरू होते. बुद्धीच्या बळावर वर आलेला हा मानी माणूस. मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी जाते. सनद परत मिळाली असती. पण ‘मी कुणीतरी आहे’ ही त्याच्या मनातली स्वतःची मूर्ती तडकली. तो रडला असता, सिंधूजवळ बोलला असता, तर कदाचित सावरला असता. मानी माणसाला रडण्याचीच लाज वाटते. अशा वेळी तळीराम प्याला पुढं करतो. तळीराम फक्त निमित्त. तहान आधीच लागलेली होती.

आपल्या आत एक न्यायाधीश बसलेला असतो. मानसशास्त्र त्याला ‘पराहं’ म्हणतं. तो सुधाकराला टोचत राहतो. दारू त्या न्यायाधीशाला रात्रीपुरती झोपवते. सकाळी तो जागा होतो आणि अधिक कठोर शिक्षा सुनावतो. मग ती शिक्षा विसरण्यासाठी पुन्हा प्याला. लाज वाटते म्हणून पिणं आणि प्यालो म्हणून लाज वाटणं, असं हे रहाट फिरत राहतं.

आणि राग? तो होता कोर्टावर. पण तिथं हात पोचत नाही. म्हणून तो घराकडं वळतो. याला ‘विस्थापन’ म्हणतात. दळणं दळून संसार चालवणारी सिंधू आणि तिचं तान्हं लेकरू, यांच्यावर अखेर त्याची काठी पडते. मरतानाही सिंधू नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. आजच्या वाचकाला हेही दिसायला हवं, की तिच्या सोसण्यानं सुधाकर सुधारला नाही.

याच नाटकात रामलाल आहे. मुलीसारखी मानलेल्या विधवा शरदबद्दल त्याच्याही मनात अभिलाषा जागते. म्हणजे घसरण्याची वाट त्याच्याही समोर होती. पण तो स्वतःच्या मनातलं पाप ओळखतो, स्वतःशी कबूल करतो आणि मागं फिरतो. दोघांतला फरक एवढाच. एकानं आरशात पाहिलं, दुसऱ्यानं प्याल्यात.

माझा एक शाळासोबती होता. नोकरीत चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला आणि तो पिऊ लागला. आम्ही मित्रांनी त्याला शपथा घातल्या, बोल लावले, शेवटी टाळू लागलो. ‘त्या दिवशी तुला काय लागलं रे?’ एवढं मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही. कवी म्हणवतो मी, शब्दांवर जगतो. पण हे एक वाक्य वेळेवर सुचलं नाही. आता तो नाही.

कारण समजलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. सिंधूचं लेकरू परत येत नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यात गावोगावी, ऊसतोडीच्या कोप्यांवर, अशा कितीतरी सिंधू आजही रात्री दाराकडं डोळे लावून बसतात. त्यांच्या घरातला प्याला फोडायचा, तर आधी त्यामागची जखम शोधावी लागेल. ती बोलण्यानं उघडी होते, आणि बोलायला समोर कुणीतरी ऐकणारं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)