ब्रासच्या हिशेबाबाहेरची वस्ती

नाशिकमधील आमच्या इंदिरानगरातील इमारतींचे पाये आणि रस्ते ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, त्याचे उगमस्थान पाहावयाचे असेल, तर पाथर्डी फाटा ओलांडून, पांडवलेण्यांच्या डोंगराजवळून मुंबई-आग्रा महामार्गाने विल्होळीपर्यंत जावे आणि तेथून सारूळच्या बाजूस वळावे. तेथे डोंगराचा पायथा आणि माथा यांच्यामधला भाग उभा कापून नेलेला आहे, आणि त्या कड्याखाली, धुळीने करडी झालेली, नकाशावर नाव नसलेली एक वस्ती आहे.

दगड काढण्याची रीत मी तेथे पुष्कळ वेळ उभा राहून पाहिली. प्रथम वरचा मुरूम ओढून भरावासाठी रवाना होतो; मग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा थर उघडा पडतो, आणि एका थराखाली दुसरा लागण्यापूर्वी कोठे कोठे भाजलेल्या लाल मातीची पट्टी दिसते. त्या थरात यंत्राने ओळीने भोके पाडतात, दारू ठासून तारा जोडतात, लाल निशाण दाखवून माणसे आणि गुरे दूर पिटाळतात. मग बार उडतो, आणि कडा क्षणभर जागच्या जागी फुगून खाली बसतो. सुटलेला डबर टिपरने क्रशरच्या जबड्यात जातो, चाळण्यांवरून आकारमानाप्रमाणे खडी वेगळी पडते आणि उरलेली कच वाळूच्या जागी बांधकामाला जाते. जो धोंडा जबड्यात मावत नाही, तो फोडावयाचा असतो. एक वृद्ध वडार कारागीर अशा धोंड्याभोवती सावकाश फिरला, तळहाताने त्याची नस चाचपली, आणि घणाचे मोजके घाव एकाच रेषेत घालून त्याने तो दुभंगला. इतके बारीक ज्ञान ज्याच्या हातात आहे, त्याची गणना मजुरीच्या कागदावर अकुशल म्हणून व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते.

अशी वस्ती खाणपट्ट्याच्या परवान्याबरोबर जन्मते. पत्र्याची खोपटी, टँकरचे पाणी, एक किराण्याचे दुकान आणि शेंदूर फासलेला एक दगड एवढ्यावर ती उभी राहते. पत्ता म्हणून क्रशरमालकाचे नाव सांगतात. दगड सरला, मुदत संपली किंवा महसूल खात्याने क्रशरला मोहोर ठोकली, की पत्रे ट्रॅक्टरवर चढतात, आणि मागे पावसाच्या पाण्याने भरलेला खोल खड्डा उरतो.

सह्याद्रीतच, कर्नाटकात, कुद्रेमुख येथे १९७६ साली स्थापन झालेल्या लोहखनिज कंपनीने शाळा-दवाखान्यांसह एक नगर वसविले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस तेथील खाणकाम थांबले आणि नगर ओस पडले. ते गेले, पण त्याचे नाव राहिले. आमच्या डोंगराखालच्या वस्त्यांना तेवढेही लाभत नाही.

डोंगर वाचले पाहिजेत याविषयी माझ्या मनात संदेह नाही. संतोषा-भागडी आणि ब्रह्मगिरी यांच्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठविला तो सर्वथा योग्यच होता. परंतु बंदीच्या हुकुमाने ज्यांची चूल त्याच दिवशी विझते, त्यांची जबाबदारी त्या खडीच्या घरांत राहणाऱ्या आपणा सर्वांवर येते, आणि तिचा उच्चार मी क्वचितच ऐकला आहे.

नोंद ठेवण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेले तीन हजार कार्षापण, त्यांच्या व्याजाच्या दरासह, पाषाणावर कोरून ठेवले आहेत. आजही गौण खनिजाचा हिशेब बारकाईने होतो: शंभर घनफुटांचा एक ब्रास, त्यावरील स्वामित्वधन, आणि विनापरवाना उत्खननासाठी जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली दंड. या दप्तरात माणसांचा मात्र रकाना नाही.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत ‘संतुलन’ संस्थेने पाषाण शाळा चालवून खाणकामगारांच्या मुलांना अक्षरओळख दिली. नाशिकच्या महसूल अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की खाणपट्ट्याचा पंचनामा करताना ब्रासच्या आकड्याखाली तेथील कुटुंबे आणि शाळेच्या वयाची मुले यांचीही नोंद करावी, आणि क्रशर बंद करण्यापूर्वी त्या कुटुंबांच्या हाती शिधापत्रिका आणि मुलांच्या हाती शाळेचा दाखला पडेल, अशी तजवीज करावी.