बसऱ्याच्या दगडावर नाव नाही

मंडळी, तुमच्या गावच्या चावडीत, देवळाच्या ओवरीत किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी आहे का, तेवढे पाहून या. चुन्याचे हात फिरून तिची अक्षरे बुजलीही असतील. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच बहुधा तिच्यावर असते. आकडा असतो, नावे नसतात.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या लढाईत ४६ जवान गमावले. एका गावाचे ४६! इंग्रजांनी तिथे त्यांचे स्मारक उभारले. आज गावाची ओळखच ‘मिलिटरी अपशिंगे’ अशी आहे. त्या काळी वाळवे, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते. तेव्हा ही गोष्ट तिकडच्या घरांचीही आहे.

ही पोरे गेली कुठे? मराठा पलटणींतली पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढायला गेली. डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावाला वेढा पडला. दाणागोटा संपत आला, घोडे कापून खायची पाळी आली. आपल्याकडच्या अनेकांनी धर्माखातर ते मांस कितीतरी दिवस नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैद झालेल्यांतले कितीतरी वाळवंटातून चालवत नेताना वाटेतच पडले. त्यांची माती गावाला आली नाही.

ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला आला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. हा दुजाभाव होता हे मान्य करून युद्धस्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने २०२१ साली माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

दगडावर नाव नसले तरी आयोगाच्या दप्तरात ते असू शकते. पुष्कळांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही लिहिलेला आहे. ते दप्तर आता मोबाईलवर पाहता येते.

मात्र आधी घरातल्या म्हातारीला विचारा. पितृपंधरवड्यात शस्त्राने गेलेल्याचे पान चतुर्दशीला वाढतात, तिथीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. तुमच्याकडे ते पान कुणाच्या नावाने निघते? त्याचे नाव, बापाचे नाव आणि कळली तर पलटण वहीत लिहून घ्या. मग नातवाला शोधायला बसवा. नावे इंग्रजीत आहेत, तीही साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. एका स्पेलिंगने सापडले नाही, तर दुसऱ्याने बघायला सांगा.