हरिहरेश्वरी मुक्काम कोठे करावा?

माघ महिना उजाडला की आमच्या लोणी भापकरात मल्लिकार्जुनाच्या पुष्करणीभोवती झाडलोट सुरू होते, आणि त्याच सुमारास कोणी ना कोणी माझ्या ओसरीवर येऊन विचारतो, ‘‘शास्त्रीबुवा, औंदा दर्यावरच्या महादेवाला जायचं म्हणतोय. उतरायचं कुठं?’’ प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर एकदा मी चुकीचे दिले आणि त्या चुकीची किंमत एका वृद्ध माउलीने मोजली. म्हणून यंदाच्या महाशिवरात्रीच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात आले.

दर्यावरचा महादेव म्हणजे रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले श्रीक्षेत्र हरिहरेश्वर. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री सह्याद्री उतरून जेथे पश्चिमसागरास मिळते, त्या मुखाशी डोंगराच्या पायथ्याला हे क्षेत्र वसले आहे. एका अंगास गर्द झाडीची टेकडी, दुसऱ्या अंगास खडकावर आदळणारा समुद्र. याला दक्षिण काशी म्हणतात, आणि काशीप्रमाणेच येथेही काळभैरवाचा मान मोठा आहे. आधी काळभैरवाचे दर्शन, मग ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांच्या लिंगरूपांचे, आणि पुन्हा काळभैरवाचे, असा येथला क्रम आहे. आमच्या गावाचा काळभैरवनाथ कोणाला ठाऊक नाही? शिवाय आमच्या गावी मल्लिकार्जुन आणि यज्ञवराह, म्हणजे हर आणि हरी, एकाच गावच्या मातीत शतकानुशतके नांदत आले आहेत. तेव्हा लोणीच्या माणसाला हरिहरेश्वर परका वाटत नाही, यात नवल नाही.

नात्याचा आणखी एक धागा सांगण्याजोगा आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले, आणि त्यांची कन्या भिऊबाई आमच्या बारामतीच्या जोशी घराण्यात आबाजी नाईकांना दिली. त्याच घराण्यातील बाबूजी नाईकांच्या आश्रयाला पुढे कविवर्य मोरोपंत राहिले. म्हणजे कऱ्हाकाठच्या एका थोर घराच्या सुनेच्या माहेरचे मूळ गाव सावित्रीच्या मुखाजवळ होते. भिऊबाई माहेरच्या कुलदैवताला जात असतील तर घाटात कोठे कोठे मुक्काम करीत असतील, याचा विचार मी ताम्हिणी उतरताना दर वेळी करतो.

पूर्वी यात्रेकरूला मुक्कामाची निवड करावी लागतच नसे. त्र्यंबकेश्वरी वा काशीस गेले की घराण्याचा तीर्थोपाध्याय आपली वही उघडी, पणजोबाचे नाव काढून दाखवी आणि आपल्याच पडवीत पथारी घालून देई. जेथे उपाध्याय नसे तेथे धर्मशाळा असे. अहल्याबाई होळकरांनी आणि अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी ती सोय केवढी वाढवली, हे घराघरांत ठाऊक आहे. पालखीच्या वाटेवरही हाच न्याय. तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते तेव्हा दिंडीचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. वारकरी ‘कोठे उतरू?’ असे विचारीत नाही. आता तीर्थाच्या गावी प्रत्येक गल्लीत खोल्या आहेत, प्रत्येक खोलीचा फलक आहे, आणि निवडीचा भार आपल्यावर आला आहे. भार आला म्हणजे चुकण्याची शक्यताही आली.

माझी चूक २०१७ च्या पौष पौर्णिमेची. गावातील बेचाळीस माणसे घेऊन मी हरिहरेश्वराला निघालो होतो. त्यांत सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. १९७२ च्या दुष्काळात घरची विहीर कोरडी पडली, गुरे दावणीची सोडावी लागली, तेव्हा तिने बोललेला नवस होता : विहिरीला पाणी लागले तर दक्षिण काशीच्या देवाला प्रदक्षिणा घालीन. पाणी पुढे लागले, संसार मार्गी लागला, नातवंडे झाली. नवस मात्र पंचेचाळीस वर्षे राहून गेला. आमच्या जिरायती पट्ट्यात पाण्याचा नवस कोणी हलका मानीत नाही. ती माउली निघताना मुलाने तिच्या पदराला शंभराच्या नोटा बांधल्या होत्या. त्या तिने परत येईपर्यंत सोडल्या नाहीत.

मुक्काम मी निवडला तो दराकडे पाहून. क्षेत्रापासून बऱ्याच अंतरावर, हमरस्त्यालगत एका लॉजमध्ये माणशी भाडे कमी होते, बस उभी करायला जागा होती, आणि जेवणाचाही ठराव झाला. सकाळी स्नाने, चहा, न्याहारी या गडबडीत नऊ वाजून गेले. डोंगराळ रस्ता, वळणावळणांवर बस थांबे. हरिहरेश्वरी पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. दर्शन झाले. प्रदक्षिणेसाठी देवळामागची चढण चढून आम्ही दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांशी आलो. तेथून खाली पाहिले आणि पाय जागीच थांबले. ज्या खडकांवरून वाट जाते ते खडकच दिसत नव्हते. पायऱ्यांच्या तळाशी समुद्र उसळत होता आणि एक स्थानिक माणूस हात आडवा करून सर्वांना मागे फिरवीत होता. ‘‘पौर्णिमा आहे, बुवा. पाच वाजता या.’’

पाच वाजता कसे येणार? जेवण दूरच्या मुक्कामी ठरलेले, बसचालकाला रात्रीपर्यंत परत जायचे होते. मी पंचांग पाहून मुहूर्त सांगणारा माणूस. पौर्णिमेला निघालो हे मला ठाऊक होते, पण त्या तिथीचा समुद्राशी काय संबंध, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. आजीने पायरीला हात लावला, तो कपाळी नेला आणि एवढेच म्हणाली, ‘‘देवानं दर्शन दिलं, शास्त्रीबुवा. वाट न्हाई दिली.’’ परतीच्या वाटेवर बसमध्ये मला अभंग म्हणायला सांगितले, परंतु माझा आवाज लागेना.

कोकणातील माणसाला जे लहानपणापासून येते, ते मी वयाच्या साठीत शिकलो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पाणी चढलेले, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. तो ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतो, म्हणून छापील वेळापत्रक आणि गावकऱ्याचा शब्द हे दोन्ही घ्यावेत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे भरती अधिक चढते आणि ओहोटीही अधिक खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही, परंतु फार उतरतही नाही. सूर्य-चंद्राच्या आकर्षणाचा हा खेळ. आमच्या कीर्तनात चंद्राला शिवाच्या मस्तकी बसवून आम्ही मोकळे होतो. तो चंद्र खाली शिवाच्या पायऱ्यांवर पाणी चढवतो आणि उतरवतो, हे हरिहरेश्वरी डोळ्यांनी दिसते.

आता महाशिवरात्र घ्या. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहा-अकराला आणि रात्री निशीथकालाच्या पूजेच्या आधी समुद्र भरलेला, आणि ओहोटी दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास. पहाटे बसने निघून अकरा वाजता पोहोचणारा यात्रेकरू नेमका भरतीत सापडतो. गर्दी, उपवास, ऊन आणि ‘एवढ्या लांबून आलो’ ही घाई, यांनी माणूस नको तेथे पाऊल टाकतो. त्या खडकांवरून लाटेने माणसे ओढून नेली आहेत. पावसाळ्यात तर त्या वाटेचे नावही काढू नये. ज्याला शिवरात्रीस तेथेच जायचे आहे त्याने आदल्या दिवशी गावातच मुक्काम करावा, दुपारी तीननंतर ओहोटी लागल्यावर प्रदक्षिणा करावी आणि उजेड आहे तोवर वर यावे. ज्याचा हट्ट नाही त्याने वद्य चतुर्थी-पंचमी साधावी. पंचमीची पाऊणपट पावणेचार. ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. स्नान-दर्शन करून उन्हाच्या आधी प्रदक्षिणा होते, आणि शिवरात्रीच्या जागराला माणूस आपल्या गावच्या महादेवापुढे हजर राहतो. माझे मत विचाराल तर हेच बरे. आपल्या मल्लिकार्जुनाला त्या रात्री एकटे ठेवून दुसरीकडे जाणे मला रुचत नाही. पण हे कीर्तनकाराचे मत आहे, शास्त्राची आज्ञा नव्हे.

मुक्काम ठरवताना आधी तिथी, मग वेळ, मग जागा, असा क्रम त्या फजितीनंतर मी धरला. २०१८ च्या माघात, पंधरा दिवस आधी, मी एकटाच एस.टी.ने माणगाव-म्हसळे मार्गे गेलो आणि घरे पाहिली. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, देवस्थानाचे भक्तनिवास आहे आणि पोफळीच्या वाड्यांतून घरगुती खोल्या आहेत. तिन्हींचे गुण वेगळे. समुद्राचे दर्शन घडवणारी खोली नवदांपत्याला शोभते. तिचे भाडेही तसेच. भक्तनिवासात स्वच्छ, साधी सोय. सणाच्या दिवसांत जागा मिळेलच असे नाही. आमच्यासारख्या वृद्धांच्या समुदायाला मला घरगुती निवासच योग्य वाटला. मात्र तेथेही प्रश्न विचारावे लागतात, आणि ते संकोच न करता विचारावेत. देऊळ किती पावलांवर? खोली तळमजल्यावर आहे काय? गुडघे धरलेल्या माणसाला बसता येईल असा संडास आहे काय? (देवाधर्माच्या पानावर हा विषय काढल्याबद्दल कोणी रागावू नये, यात्रा मोडते ती बहुधा येथेच.) पहाटे ऊन पाणी मिळेल काय? उपवासाच्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी होईल काय, की केवळ मासळीचे ताट प्रसिद्ध आहे?

मी तीन घरे पाहिली. पहिल्या घरी रंगीत दिवे आणि मोठा आरसा. दुसऱ्या घरी सर्व उत्तम, पण जिना उभा. तिसऱ्या घराच्या पडवीत खुंटीला पंचांग टांगलेले होते आणि त्याच्या समासात पेन्सिलीने रोजची भरती लिहिलेली. यजमानीणबाई परसात सुपाऱ्या वाळत घालीत होत्या, श्रीवर्धनी रोठा. मी तिथी सांगितली. त्यांनी भाड्याचे नावही काढले नाही, आधी म्हणाल्या, ‘‘पंचमीला ना? मग आठला चहा, साडेआठला निघायचं. म्हातारी माणसं किती आहेत?’’ मी तेथेच विसार दिला.

संस्कृतात ‘उपवास’ या शब्दाची फोड उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे अशी आहे. देवाजवळ राहणे हा त्याचा मूळ अर्थ. न जेवणे हा पुढे चिकटलेला. चाळीस वर्षे मी ही व्युत्पत्ती कीर्तनात सांगत आलो होतो. स्वतः माणसे उतरवताना मात्र देवापासून लांबची जागा पाहिली होती.

पंचमीच्या सकाळी साडेआठला आम्ही निघालो. आजीच्या एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला यजमानीणबाई. त्या वस्तुतः सोबत येण्यास बांधलेल्या नव्हत्या. कड्यांमधल्या पायऱ्या आजी बसत बसत उतरली, प्रत्येक पायरीला हात लावून. खाली खडक उघडे पडले होते. लाटांनी कोरून त्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली आहे. तिच्या खळग्यांत पाणी साचलेले. गायत्रीतीर्थ, विष्णुपद करीत ती चालत राहिली. मध्येच थांबून तिने खळग्यातले पाणी ओंजळीत घेतले, चाखले आणि हसली. ‘‘एवढं पाणी, अन्‌ सगळं खारट!’’ पंचेचाळीस वर्षांपूर्वीची कोरडी विहीर तिच्या डोळ्यांपुढे असावी. वाळूवर पोहोचल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि त्या नोटा दानपेटीत टाकल्या. सव्वादहा वाजले होते. अकराच्या सुमारास पाणी पुन्हा खडकांकडे येऊ लागले.

त्या घराशी आमचे तेव्हापासून येणेजाणे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या; त्यांच्या घराची कौले उडाली, पोफळी मुळापासून उपटल्या गेल्या. टाळेबंदी सैल झाल्यावर लोणीहून ज्वारीची चार पोती गेली. पैसे पाठवू म्हटले तर त्या नको म्हणाल्या; ज्वारी मात्र घेतली, आणि भाकरी थापायला आमच्याच आजीकडून फोनवर शिकल्या. त्या आजी आता नाहीत. नव्या पोफळींना फळ धरायला वर्षे लागतात, तोवर खोल्यांचेच उत्पन्न. म्हणून आम्हीही घासाघीस करीत नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी उंच बैठकीचे संडास बसवून घेतले आहेत.

यंदाच्या पंचमीला अठ्ठावीस माणसे जाणार आहेत. मी बरोबर नसेन. माझे गुडघे आता त्या पायऱ्यांना राजी नाहीत. परवा फोन केला तेव्हा बाईंनी पंचांग पाहून सांगितले, ‘‘या वेळी साडेआठ नको, आठलाच निघा. मंडळींना आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पोहोचायला सांगा.’’ तसे सर्वांना कळवले आहे.