घरातला बेवारस संगणक

जुलै २०१७च्या अखेरच्या आठवड्यात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे फोन तक्रार केंद्रांवर खणखणू लागले. मोडेमला वीज मिळत होती, तारा जागेवर होत्या, बिल भरलेलं होतं, पण इंटरनेट येत नव्हतं. काही दिवसांत उलगडा झाला. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने सुमारे ६० हजार मोडेम निकामी केले होते. एमटीएनएलच्या ग्राहकांनाही त्याची झळ बसली. हल्लेखोराने त्यासाठी कुठलंही अवघड कुलूप फोडलं नव्हतं. या मोडेमचं युजरनेम होतं ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. कारखान्यातून आला तसाच तो ग्राहकाच्या घरी बसवला गेला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. बीएसएनएलने त्यानंतर ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन केलं.

ब्रिकरबॉट चालवणारा टोपणनावाने वावरत होता आणि आपण ‘इंटरनेटची केमोथेरपी’ करतोय असा त्याचा दावा होता. असुरक्षित उपकरणं गुन्हेगारांच्या हाती पडण्यापेक्षा मेलेली बरी, हे त्याचं म्हणणं. लोकांच्या घरातल्या वस्तू मोडणाऱ्याचं हे समर्थन मला अजिबात मान्य नाही. पण त्याने दाखवून दिलेली उणीव खरी होती. आपण मात्र ती घटना विसरून गेलो.

बहुतेकदा मोडेममध्येच असलेला राउटर हा एक संगणक आहे. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, बहुतेकांमध्ये लिनक्सची छोटी आवृत्ती चालते. घरातला फोन, लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, सगळ्यांची ये-जा त्याच्यातून होते. तो चोवीस तास चालू असतो आणि त्याच्यावर कुणाचंही लक्ष नसतं. फोनवर अपडेटची सूचना तरी येते. राउटर टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला असतो. कंपनी म्हणते, तो ग्राहकाच्या घरात आहे. ग्राहक म्हणतो, तो कंपनीने दिलाय. वायर टाकायला आलेला मुलगा वायफायचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि पुढच्या घरी जातो. या त्रांगड्यात तो संगणक बेवारस राहतो.

त्यातून एक मोठा गैरसमज रुजला आहे. ‘आमच्या वायफायला पासवर्ड आहे’ असं आपण ठणकावून सांगतो. पण राउटरचे पासवर्ड दोन असतात. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि रस्त्यावरच्या माणसाला आपल्या नेटवर्कमध्ये शिरू देत नाही. दुसरा पासवर्ड राउटरच्या सेटिंगचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता टाकला की जे पान उघडतं, त्याचा. बीएसएनएलच्या मोडेमवरचा हल्ला इंटरनेटच्या बाजूने आला, त्याला वायफायच्या पासवर्डशी काहीच देणंघेणं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ साली, ‘मिराय’ने हेच केलं होतं. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो प्रोग्रॅम जगभरचे कॅमेरे आणि राउटर एकामागून एक ठोठावत गेला. जिथे दार उघडलं, तिथे मुक्काम. अशी गोळा केलेली उपकरणं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर एकाच वेळी तुटून पडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास कोलमडल्या. मूळ मिराय लिहिणारे विशीच्या आसपासचे तरुण होते.

कुणी म्हणेल, माझ्या राउटरमधून दुसऱ्या देशातल्या कंपनीवर हल्ला झाला तर माझं काय गेलं? नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाला याचं उत्तर २००८ साली मिळालं. २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. पोलिसांनी माग काढला तो थेट त्याच्या भाड्याच्या घरातल्या इंटरनेट जोडणीपर्यंत. त्याची कसून चौकशी झाली. त्याचा काहीही संबंध नव्हता, कुणीतरी त्याचं वायफाय वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय अशाच ई-मेलसाठी वापरलं गेलं. मुंबई पोलिसांना मग उघडी वायफाय नेटवर्क शोधत फिरावं लागलं.

आज त्यासाठी कुणाला इमारतीखाली येऊन उभं राहावं लागत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी ‘एनीप्रॉक्सी’ आणि ‘फाइव्हसॉक्स’ या दोन संकेतस्थळांना टाळं ठोकलं. त्यांचा धंदा एकच: लोकांच्या घरातले जुने राउटर ताब्यात घ्यायचे आणि त्यांचा इंटरनेट पत्ता महिन्याच्या भाड्याने द्यायचा. भाडं दहा डॉलरपासून एकशेदहा डॉलरपर्यंत. भाडेकरू काय करणार, हे उघड आहे. फसवणुकीचा माग शेवटी एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरापाशी येऊन थांबतो.

दुसरा धोका थेट पैशाशी निगडित आहे. आपण बँकेच्या संकेतस्थळाचं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून द्यावा लागतो. ते काम डीएनएस सर्व्हर करतो, आणि कोणत्या डीएनएसला विचारायचं हे घरातल्या सगळ्या उपकरणांना राउटर सांगतो. राउटरमधली ती एक नोंद बदलली की बँकेचं नाव बिनचूक टाइप करूनही आपण भामट्याच्या पानावर पोहोचतो. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास अशा तऱ्हेने ४५ लाख मोडेमच्या नोंदी बदलल्या गेल्या होत्या. आता बहुतेक संकेतस्थळं कूटबद्ध असल्यामुळे अशा वेळी ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. तो इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ कधीही दाबू नका. आणि घरातल्या सगळ्याच उपकरणांवर एकाच वेळी तसे इशारे दिसू लागले, तर संशय राउटरवर घ्या.

पासवर्ड चोख असला तरी राउटरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, चुका असू शकतात. टीपी-लिंकच्या ‘आर्चर एएक्स-२१’ या घरगुती राउटरचं उदाहरण पाहा. त्याच्या सेटिंगच्या पानात देश निवडायची एक चौकट होती. तिथे देशाचं नाव यावं ही अपेक्षा. पण आलेला मजकूर न तपासताच राउटर पुढे पाठवत असे. देशाच्या जागी संगणकाची आज्ञा लिहून धाडली तर राउटर ती निमूटपणे पाळायचा, तीही सर्वाधिकारांसह आणि पासवर्ड न विचारता. डिसेंबर २०२२ मध्ये टोरोंटोतल्या एका स्पर्धेत संशोधकांनी ही चूक दाखवली. कंपनीने मार्च २०२३ मध्ये सुधारित फर्मवेअर दिलं. एप्रिलमध्ये मिरायच्या वारसदारांनी त्याच भोकातून शिरायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्येही ‘बॅलिस्टा’ नावाचा नवा बॉटनेट, म्हणजे बळकावलेल्या उपकरणांचं जाळं, हजारो उपकरणांत तिथूनच घुसत होता. दुरुस्ती उपलब्ध होऊन दोन वर्षं झाली होती. ती राउटरपर्यंत पोहोचवणारं कुणी नव्हतं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती इथे. चूक सापडते, दुरुस्तीही निघते, पण शेवटचं पाऊल आपल्या दिवाणखान्यात पडायचं असतं आणि ते पडत नाही. म्हणून एखाद्या रविवारी तासभर काढा.

राउटर उलटा करून तळाचं लेबल वाचा. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता, युजरनेम आणि बहुधा पासवर्डही छापलेला असतो. त्या पानावर शिरलात की सर्वांत आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला; लांबलचक, वायफायपेक्षा वेगळा. वहीत लिहून ठेवायला हरकत नाही, परदेशातला चोर तुमची वही वाचायला येणार नाही. मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅन साइड अ‍ॅक्सेस’ असं काही दिसतंय का ते शोधा आणि बंद करा. सेटिंगचं पान बाहेरून उघडायची गरज साध्या घराला नसते. पण तेवढ्यावर विसंबून पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नका. तुम्ही फोनवर उघडलेलं एखादं दुष्ट संकेतस्थळ तुमच्याच ब्राउझरकरवी घराच्या आतून राउटरचं दार वाजवू शकतं.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वायफाय जोडायची ही सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. पहिले चार बरोबर आहेत की नाही, हे तो आधीच सांगून टाकतो. त्यामुळे पहिल्या तुकड्यासाठी दहा हजार आणि दुसऱ्यासाठी एक हजार, म्हणजे फार तर ११ हजार प्रयत्नांत पिन सापडतो. हे २०११ साली उघड झालं. नंतरच्या राउटरांत काही चुकीच्या प्रयत्नांनंतर अटकाव आला, तरी जी सोय वर्षातून एकदा लागते तिच्यासाठी हे दार का उघडं ठेवायचं?

वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावी, फक्त ‘डब्ल्यूईपी’चाच पर्याय असेल तर राउटरच बदलायची वेळ आली आहे. पासवर्ड मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर नको. फर्मवेअर अपडेटचं पान उघडा, आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू करा. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर कॅमेरा आणि टीव्ही त्यावर टाका; एखादा स्वस्तातला कॅमेरा पोखरला गेला तरी तुमचा लॅपटॉप वेगळ्या कप्प्यात राहतो.

‘बंद करून चालू केलं की झालं’ हा आपला लाडका उपाय इथे अर्धाच लागू पडतो. मिरायसारखा प्रोग्रॅम फक्त मेमरीत राहतो, राउटर बंद केला की जातो. पण पासवर्ड तोच असेल तर पुन्हा येतो. २०१८ साली ५४ देशांतल्या किमान पाच लाख उपकरणांत शिरलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’चा पहिला टप्पा तर रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. शंका असेल तर मागच्या छिद्रात पिन दाबून फॅक्टरी रिसेट करा, नवं फर्मवेअर टाका आणि सेटिंग नव्याने भरा. मात्र ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्ड आधी कंपनीकडून घेऊन ठेवा, नाहीतर इंटरनेटच बंद पडेल. राउटर भंगारात देताना, विकताना किंवा कंपनीला परत करतानाही रिसेट कराच, त्यात तुमचे पासवर्ड साठवलेले असतात. ज्या राउटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलंय, तो चालत असला तरी निवृत्त करा. दीड-दोन हजारांचा खर्च जड वाटतो हे मला ठाऊक आहे, पण एनीप्रॉक्सीचा माल असेच राउटर होते.

मात्र सगळा भार ग्राहकावर टाकणं अन्यायाचं आहे. फायबर कनेक्शनसोबत मिळणाऱ्या मोडेमची बरीच सेटिंग ग्राहकाला उघडूच दिली जात नाहीत. ती कंपनी दुरून हाताळते, आणि त्याच वाटेने घात होऊ शकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं, ते कंपन्या दुरुस्तीसाठी वापरतात त्याच ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड असलेली उपकरणं विकायला कायद्याने मनाई केली आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे सांगणं उत्पादकांना बंधनकारक केलं. आपल्याकडेही मोठ्या कंपन्यांपासून गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत प्रत्येकाला हाच नियम हवा, आणि तो ग्राहकाच्या घरातल्या मोडेमपर्यंत पोहोचतोय का हे कुणीतरी तपासायला हवं.

तोवर पुढचं वार्षिक रिचार्ज करण्याआधी तुमच्या कंपनीला ई-मेलवर विचारा: माझ्या मोडेमचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड माझ्या घरापुरता वेगळा आहे का, आणि दुरून हाताळायचं पोर्ट फक्त तुमच्याच सर्व्हरना खुलं आहे ना? उत्तर लेखी मागा. ते आलं नाही, किंवा ‘तसं काही नसतं सर’ एवढंच आलं, तर कंपनीच्या मोडेमचं वायफाय बंद करून त्याच्यामागे स्वतःचा, अपडेट मिळणारा राउटर जोडा आणि घरातली सगळी उपकरणं त्यावर घ्या.