चुकलेले नाणे की बिघडवलेले?

१९४७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, पिट्सफील्ड या गावी, एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुटे पैसे परत मिळाले. त्यांत १९४३ सालचा एक सेंट होता, रंगाने तांबूस. तांबूस सेंटमध्ये नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल असे, की १९४३ साली तेथे तांब्याचे सेंट पाडायचेच नव्हते. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. काडतुसांसाठी आणि विजेच्या तारांसाठी तांबे हवे होते. म्हणून त्या एका वर्षी सेंट निघाले ते जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, पांढुरके. मुलाने सरकारी खजिन्याकडे विचारणा केली. उत्तर आले, की १९४३ चे सगळे सेंट पोलादाचेच आहेत! मुलाने मात्र नाणे जन्मभर जपून ठेवले. २०१८ मध्ये वृद्धापकाळी त्याचे निधन झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या एका सेंटला लिलावात २ लाख ४ हजार डॉलर आले.

एवढी किंमत आली, की लबाडी मागोमाग येतेच. अस्सल तांबूस १९४३ सेंट आज सुमारे वीसच ठाऊक आहेत. नकली मात्र रगडून आहेत. मग दोन्ही ओळखायचे कसे? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. पण टांकसाळीत नाणे कसे तयार होते, हे आधी नीट समजले पाहिजे.

धातूच्या लांब पट्टीतून यंत्र गोल चकत्या कापते. मग चकती कडेकडेने दाबत फिरवली जाते, त्यामुळे तिचा काठ किंचित उचलला जातो. ही कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. खाली एक ठसा, वर एक, आणि भोवती पोलादी कडे. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो. थंड धातू त्या क्षणी घट्ट लापशीसारखा सरकतो आणि ठशातील खोलगट अक्षरांत शिरतो. दोन्ही बाजू एकाच तडाख्यात उमटतात. ही शेवटची गोष्ट मनात घट्ट धरून ठेवा. टांकसाळीत होणारी चूक या क्रियेतच कोठेतरी होते, म्हणून तिच्या खुणा नाण्याच्या दोन्ही बाजूंवर, काठावर आणि वजनातही एकमेकींशी जुळतात. घरी कानस घेऊन बसलेला माणूस एक खूण करतो, बाकीच्या करायच्या विसरतो.

आता आपल्या सेंटकडे वळू. १९४२ मधील काही ब्राँझच्या चकत्या, म्हणजे ९५ टक्के तांबे असलेल्या, चकत्या वाहणाऱ्या पेट्यांच्या फटींत अडकून राहिल्या असाव्यात आणि पुढल्या वर्षी पोलादी चकत्यांबरोबर यंत्रात गेल्या असाव्यात, असे जाणकार मानतात. म्हणजे खऱ्या नाण्यात ठसा १९४३ चा, चकती जुनी.

लबाडाचा सोपा मार्ग कोणता? साधा पोलादी सेंट घ्यायचा आणि विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा मुलामा चढवायचा. मोरचुदाच्या द्रावणाचा हा प्रयोग तुमच्या शाळेतही होत असेल. दिसायला झकास! पण जवळ चुंबक न्या, की नाणे टपकन चिकटते. मुलामा कातडीपुरता, आत पोलाद ते पोलादच. शिवाय वजन घ्या. पोलादी सेंट २.७० ग्रॅमचा, ब्राँझचा ३.११ ग्रॅमचा. दोन्ही आकाराने सारखेच असताना हा फरक का, तर पोलादाची घनता ७.८ आणि ब्राँझची सुमारे ८.९. भागाकार करून पाहा, वजनांचे गुणोत्तर आणि घनतांचे गुणोत्तर जवळजवळ एकच येईल. पातळ मुलाम्याने वजन जरासे वाढते, पण ३.११ पर्यंत काही जात नाही.

चुंबकाविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चुंबक फक्त लोखंडालाच ओढतो, असे समजू नका. शुद्ध निकेललाही ओढतो. उलट ७५ भाग तांबे व २५ भाग निकेल यांच्या मिश्रधातूला तो ढुंकून पाहत नाही. आपला १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया मात्र चुंबकाला चिकटतो. तेव्हा ‘चिकटले म्हणजे खोटे’ असा नियम नाही. ते नाणे ज्या धातूचे असायला हवे, त्या धातूने काय करायला हवे होते, हा खरा प्रश्न.

दुसरा लबाड अधिक हुशार असतो. तो १९४८ चा अस्सल ब्राँझ सेंट घेतो आणि ८ ची डावी बाजू खरवडून त्याचा ३ करतो. (परदेशी अंक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही युक्ती ध्यानात येईल.) चुंबक गप्प, वजनही ठीक. येथे भिंग लागते. १९४३ च्या खऱ्या ठशातील ३ ची शेपटी लांब असून बाकीच्या अंकांच्या खाली उतरते. खरवडलेल्या ८ ला ही शेपटी कोठून येणार? नसलेला धातू कानशीने आणता येत नाही. शिवाय कोरल्याच्या बारीक रेघा अंकाभोवती राहतात. साधा पोलादी १९४३ सेंट शेजारी ठेवून तुलना करावी. तो स्वस्तात मिळतो.

आणि खऱ्याची एक सुंदर खूण. त्या वर्षी यंत्रांचा दाब कठीण पोलादासाठी वाढवलेला होता. त्याच दाबाखाली मऊ ब्राँझ आले, तेव्हा ते ठशाच्या कानाकोपऱ्यांत शिरले. म्हणून अस्सल तांबूस सेंटवर अक्षरे आणि काठ नेहमीपेक्षा ठसठशीत असतात. ही खूण कोणी मुद्दाम ठेवली नाही, पदार्थाच्या गुणधर्माने ती आपोआप राहिली.

आता एक प्रयोग. आईकडून कणकेचा छोटा गोळा मागून घ्या. त्यावर नाणे दाबा. छाप कशी उमटली? खोलगट आणि उलटी, आरशातल्यासारखी. टांकसाळीत कधीकधी तयार नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहते. खाली नवी चकती येते आणि ठशाऐवजी त्या नाण्याचीच छाप घेते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचे उठावदार चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल व उलटे. घरी कोणी दोन तयार नाणी व्हाइसमध्ये एकमेकांवर दाबली, तरी उलटी छाप उमटते. पण कोरी चकती तेथे नसते! जुने चित्र उलट्या छापेखालून डोकावत राहते आणि पाठीमागची बाजू व्हाइसच्या जबड्याने चेपलेली दिसते.

तुटक्या काठाचे नाणेही असेच बोलते. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर थोडे अतिक्रमण झाले, की चकतीला पोळीचा घास तोडल्यासारखी खोबण पडते. पुढे काठ उचलण्यासाठी चकती दाबतात, तेव्हा खोबणीच्या बाजूला दाबायला धातूच नसतो. म्हणून तिच्या बरोबर समोरचा काठही उचलला जात नाही, तो बोथट राहतो. खोबणीजवळची अक्षरे तिच्याकडे ओघळल्यासारखी दिसतात. नाणे पाडून झाल्यावर कानशीने घास काढला असेल, तर समोरचा काठ शाबूत आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटलेली. मोडतोड करणारा नेहमी मोडलेल्या जागेकडे पाहत असतो. तुम्ही समोरच्या जागेकडे पाहा.

‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटातील दोन्ही बाजू सारख्या असलेले नाणे तुम्हाला आठवेल. बाजारात मिळणारी तसली नाणी बहुधा जादूगारांसाठी बनवलेली असतात. एक नाणे लेथवर आतून पोखरतात, दुसरे कातून त्यात बसवतात. काठाच्या आतल्या कडेला भिंगातून बारीक सांधा दिसतो, आणि फरशीवर टाकले तर खणखणीत नाद येत नाही. आम्लात बुडवून पातळ केलेली नाणीही ‘अर्ध्या जाडीची’ म्हणून खपवतात. त्यांची अक्षरे विरघळत्या साबणासारखी गोलसर झालेली असतात. आपल्याकडे आणखी एक प्रकार आढळतो, ‘टांकसाळीची खूणच नसलेले दुर्मिळ नाणे’. मुंबईचा चौकटीसारखा ठिपका किंवा हैदराबादचा तारा सालाखाली नसला, की झाले दुर्मिळ! अहो, कोलकात्याची टांकसाळ खूण घालतच नाही.

अशा कथांना भुलून पैसे गमावणारे पुष्कळ आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी काही जण आपले नाव वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागत आहेत, त्यांना काही देऊ नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. बँक अशा व्यवहारात पडतच नाही. आणि प्रयोगाच्या हौसेने चालू नाणी कापू किंवा वितळवू नका. २०११ च्या नाणे कायद्याने त्याला मनाई आहे. कणीक आहेच.

तुमच्या डब्यात एखादे विचित्र नाणे निघालेच, तर सराफाच्या काट्यावर त्याचे वजन करून घ्या, त्याच सालचे साधे नाणे शेजारी ठेवा, आणि भिंगाखाली दोन्ही बाजू व काठ पाहून जे दिसेल ते वहीत लिहा. मात्र एक करू नका. चिंच लावून ते घासू नका. नाणे लख्ख होईल खरे, पण ठशाच्या तडाख्यात सरकलेल्या धातूच्या ज्या सूक्ष्म रेघांवरून तज्ज्ञ निर्णय देतात, त्या चिंचेबरोबर धुऊन जातील.