कुलूप शाबूत, माल गायब

आमच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील माणूस विमानात बसू लागला त्याला आता बरीच वर्षे झाली. कोणी आखातात नोकरीला आहे, कोणी उमऱ्याला जातो, कोणी आमच्यासारखा दुबईच्या मुर्शिद बाजारात कापड पाहायला व दाखवायला जातो. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने तर विमान आपल्या जिल्ह्यातच आले आहे. पण विमानात सामान देण्याची आमची रीत मात्र एस.टी.च्या टपावर ट्रंक चढवण्याच्या काळातलीच राहिली. बॅग भरली, पितळी कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि निर्धास्त झालो.

ही निर्धास्ती आम्हाला महागात पडली. काही वर्षांपूर्वी आम्ही दुबईला निघालो तेव्हा कर्जतच्या एका जरीकाम करणाऱ्या कारागिराने बारा दुपट्टे आमच्या हवाली केले. चार महिन्यांची मेहनत होती. पसंत पडले तर ऑर्डर आणा, नाही तर माल परत आणा, एवढाच व्यवहार. ना पावती, ना कागद. आम्ही ते बॅगेत तळाशी ठेवले, वर कापडाचे नमुने, कुलूप लावून बॅग काउंटरवर दिली. दुबईला उतरलो, बॅग पट्ट्यावरून उचलली, देऱ्यातल्या मुक्कामी गेलो आणि झोपलो. सकाळी गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी बॅग उघडली तर कुलूप जागच्या जागी, किल्लीही बरोबर फिरली, आणि बारापैकी नऊ दुपट्टे नाहीत.

विमान कंपनीच्या कार्यालयात गेलो. तेथील बाबूने तीन प्रश्न विचारले. विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार का केली नाही? सामानाची पावती कोठे आहे? बॅगेत दुपट्टे होते याला पुरावा काय? पावती म्हणजे तो बोर्डिंग पासला चिकटवलेला चतकोर कागद. तो आम्ही टॅक्सीतच फेकून दिला होता. तीन प्रश्न आणि आमच्याकडे एकाचेही उत्तर नाही. परत आल्यावर कारागिराला नऊ दुपट्ट्यांची किंमत खिशातून दिली. त्याने ती घेतली, तोंडाने काही म्हटले नाही. पण पुढचे वर्षभर त्याने आमच्याकडे माल दिला नाही, हेही सांगून टाकतो.

कुलूप न तोडता माल गेला कसा, हे आम्हाला नंतर एका बॅग दुरुस्त करणाऱ्याने दाखवले. त्याने आमचीच बॅग घेतली, चेनच्या दातांमध्ये साध्या बॉलपेनचे टोक खुपसले आणि दाबले. चेन उसवल्यासारखी उघडली. आत हात घातला, बाहेर काढला. मग कुलपात अडकवलेले चेनचे दोन्ही रनर कुलपासकट धरून एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवले. चेन पुन्हा बंद, दात जुळलेले, कुठे खूण नाही. या सगळ्याला एक मिनिटही लागले नाही. म्हणजे ज्या कुलपावर आमचा भरवसा होता ते फक्त दोन रनर एकमेकांना बांधून ठेवत होते, बॅगेला नव्हे.

यातूनच उपाय कळतो. रनर जागेवरून हलताच कामा नयेत. कुलूप रनरमधून घालून बॅगेच्या शिवलेल्या कडीत किंवा हँडलच्या बुडाशी अडकवावे. मग चेन पेनाने उघडली तरी रनर फिरवून ती पूर्ववत करता येत नाही, चोरी उघडी पडते, आणि ज्याला चोरी लपवायची आहे तो दुसऱ्या बॅगेकडे वळतो. जमत असेल तर चेन नसलेली, कड्यांनी बंद होणारी कडक सुटकेस घ्यावी. इलेक्ट्रिशियन वायरी बांधायला वापरतो ती प्लॅस्टिकची टाय दोन-तीन ठिकाणी ओढून बसवली तर आणखी चांगले. ती कापल्याशिवाय निघत नाही. मात्र चोरही तशीच टाय खिशात बाळगू शकतो, म्हणून तिच्यावर मार्करने आपली खूण करावी. विमानतळावर पैसे घेऊन बॅगेला प्लॅस्टिक गुंडाळून देतात, त्याचाही उपयोग एवढाच की फाडलेले लगेच दिसते. हल्ली बॅगेत टाकायचे छोटे ट्रॅकर निघाले आहेत. बॅग कोठे आहे ते ते सांगतात, बॅगेतून काय गेले ते नाही.

दुकानदार ‘अमेरिकन कुलूप’ म्हणून एक आकडी कुलूप जास्त भावाने विकतात. ते 2003 पासून अमेरिकेतील विमानतळांसाठी निघाले. तेथील सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे त्याची सर्वांना लागणारी किल्ली असते. या किल्ल्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापले गेले आणि 2015 मध्ये लोकांनी त्यावरून हुबेहूब किल्ल्या बनवल्या. अमेरिकेला जायचे असेल तर ते कुलूप घ्यावे, कारण नाहीतर तपासणीत कुलूप तोडतात. दुबई-जेद्दाला जाणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

बॅग आपल्या हातातून सुटल्यावर तिचे काय होते हेही समजून घ्यावे. काउंटरवरून ती पट्ट्यावर जाते, क्ष-किरण यंत्रातून जाते, मग उड्डाणानुसार वेगळी होते आणि गाडीतून विमानापाशी येते. मोठ्या विमानात बॅगा बंद डब्यांत भरून चढवतात. पण बऱ्याच लहान विमानांत त्या सुट्या भरतात, म्हणजे लोडर विमानाच्या पोटात शिरतो आणि ओणवा होऊन एकेक बॅग रचतो. इमारतीत कॅमेरे आहेत, विमानाच्या पोटात नाहीत. हात मारायला सोयीची जागा तीच. सगळे लोडर चोर असतात असे आम्ही म्हणत नाही. थोड्या पगारावर रात्रपाळ्या करणारी ही माणसे आहेत आणि त्यांच्या हातून लाखो बॅगा सुखरूप जातात. पण बॅग जितक्या हातांतून जाईल तितका धोका वाढतो. म्हणून थोडे जास्त भाडे पडले तरी मालासह जाणाऱ्याने थेट उड्डाण घ्यावे, मध्ये विमान बदलणारे नव्हे.

बॅग रीतसर उघडली जाण्याची पाळीही आपणच आणू नये. पॉवर बँक किंवा लायटर काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवला की यंत्रात तो दिसतो. मग प्रवाशाला बोलावून घेतात किंवा बॅगच मागे ठेवतात. आणखी एक गोष्ट आमच्या गठ्ठे बांधणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. दुबई विमानतळाने 8 मार्च 2017 पासून गोल किंवा वेडेवाकडे, एकही बाजू सपाट नसलेले सामान घेणे बंद केले. असे गाठोडे अडवले की काउंटरपुढे जमिनीवर बसून माल दुसऱ्या खोक्यात भरावा लागतो, आणि आपला सगळा माल चार लोकांना दिसतो तो तेव्हाच.

येथवर चोरीचे झाले. चोरीत माल जातो, माणूस तरी घरी येतो. बॅगेत काही घातले गेले तर माणूसच अडकतो. मार्च 2023 मध्ये ब्राझीलच्या दोन स्त्रिया सहलीसाठी जर्मनीत फ्रँकफर्टला उतरल्या आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या नावाचे टॅग लागलेल्या बॅगांत सुमारे 40 किलो कोकेन होते. त्या बॅगा त्यांच्या नव्हत्याच. साओ पाउलोच्या विमानतळावर टोळीला मिळालेल्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्या बॅगांवरचे टॅग काढून दुसऱ्या बॅगांना लावले होते. 38 दिवस त्या तुरुंगात राहिल्या. ब्राझीलच्या पोलिसांनी कॅमेऱ्यांचे चित्रण पाठवले तेव्हा सुटल्या.

तेव्हा टॅग म्हणजे काय ते नीट पाहून ठेवा. त्यावर दहा आकडी क्रमांक असतो. पहिल्या आकड्यानंतरचे तीन आकडे विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. तोच क्रमांक तुमच्या पावतीवर असतो. आम्ही आता काउंटरवर बॅग काट्यावर असताना मोबाइलवर तिचे छायाचित्र घेतो, त्यात काट्याचे वजन आणि बॅगेचा रंग दिसला पाहिजे. टॅग लागल्यावर क्रमांकासह दुसरे छायाचित्र. घरी बॅग भरतानाच उघड्या बॅगेचे एक छायाचित्र आणि मालाची यादी. आमच्या त्या नऊ दुपट्ट्यांच्या वेळी एवढे असते तर बाबूच्या निदान दोन प्रश्नांना उत्तर होते. जुने टॅग मात्र फाडून टाकावेत, नाहीतर यंत्र चुकीचा क्रमांक वाचते आणि बॅग भलतीकडे जाते.

परक्याने बॅगेत काही घालणे विरळा. आपल्याकडे ते घरचे लोकच घालतात, आणि आपण राजीखुशीने घालू देतो. नेरळ किंवा कर्जत स्टेशनवर निरोपाला मोहल्ला लोटतो आणि शेवटच्या क्षणी कोणी पुडके पुढे करते, ‘भाईजान, एवढे आमच्या मुलाला द्या, थोडे लोणचे आहे.’ नाही म्हणायला जीभ रेटत नाही. 2019 मध्ये मुंबईच्या एका तरुण मुस्लिम दाम्पत्याला एका नातेवाईक बाईने कतारची सहल भेट दिली आणि बरोबर एक पुडके दिले. दोहा विमानतळावर त्यात चार किलोहून जास्त चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, बाळ तुरुंगात जन्मले. घरच्यांनी धावपळ केली, मुंबईत अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने तपास केला, तेव्हा कोठे कतारच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि एप्रिल 2021 मध्ये ते घरी आले. 2023 मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला कामाच्या निमित्ताने शारजाला पाठवून हातात एक ट्रॉफी दिली होती, तिच्यात अमली पदार्थ निघाले. तिला अडकवल्याचे मुंबई पोलिसांच्या तपासात पुढे येईपर्यंत तिने साडेतीन आठवडे तुरुंगात काढले.

‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे सोपे, सिद्ध करणे कठीण. आपल्याकडच्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 35 हेच सांगते. आरोपीला माहिती व हेतू होता असे न्यायालय धरून चालते, तो नव्हता हे आरोपीने दाखवायचे. आणि पुडके देणाऱ्याची नियत साफ असली तरी संकट टळत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातली खसखस सौदी अरेबियात आणि अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. कित्येक भाभींना हे ठाऊकच नसते.

आम्ही आता नियम केला आहे. दुसऱ्याची वस्तू न्यायची तर ती आदल्या दिवशी घरी आणावी, आमच्यासमोर उघडावी, शिवण असेल तर उसवावी, आणि कोणाची वस्तू कोणाला द्यायची ते आमच्या वहीत लिहून सही करावी. काही लोक रुसले. एका साडूंनी तर दोन ईद बोलणे टाकले. अमानत सांभाळायची म्हणजे ती काय आहे हे आधी माहीत असायला नको का, एवढेच आम्ही त्यांना विचारले.

उतरल्यावरची घाई सर्वांत घातक. बाहेर गाडीवाला फोन करत असतो, एक्सप्रेसवेवर खालापूर टोलनाक्यापर्यंत गर्दी लागेल याची धास्ती असते. तरीही पट्ट्यापाशीच बॅग पाहावी, खूण, टाय, चेन आणि वजन. बॅग हलकी वाटली तर तेथेच उघडावी. काही कमी असेल तर कस्टमच्या बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या सामान काउंटरवर पी.आय.आर. नावाचा तक्रार अर्ज भरून त्याची प्रत घ्यावी. तिच्यावर पाच अक्षरे व पाच आकडे असा क्रमांक असतो, तो जपावा. चोरी असेल तर पोलिसांतही जावे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलसाठी सहार पोलीस ठाणे आहे.

हक्क कोठून येतो तेही सांगतो. 1999 चा माँट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला, सौदी अरेबिया व अमिरातीही त्यात आहेत. बॅगेचे नुकसान झाले तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिरा आली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. 21 दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. दाव्याची मुदत दोन वर्षे. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून प्रवाशामागे 1,519 एस.डी.आर. आहे. एस.डी.आर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक, आपल्या पैशात ही रक्कम अंदाजे पावणेदोन ते दोन लाख होते. ही मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. जेवढे नुकसान दाखवाल तेवढेच मिळते, म्हणून खरेदीची बिले जपावीत. माल त्याहून मोलाचा असेल तर बॅग देतानाच किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची तरतूद करारात आहे. काउंटरवरचा मुलगा बावचळेल, पण मागावी. देशातल्या उड्डाणांसाठी 2019 च्या प्रवासी सनदेत मर्यादा अवघी 20,000 रुपये होती, तेव्हा बनारसी माल बॅगेतून आणणाऱ्याने विचार करावा. कंपनी दाद देत नसेल तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही.

आणि खरे पाहता विक्रीचा माल प्रवासी सामानातून नेणे हाच मुळात कच्चा व्यवहार. बॅगेची सवलत घरगुती सामानाला आहे. मालाला बिल, कार्गो आणि वाहतुकीचा विमा हवा. आम्ही बॅगेतून आता फक्त नमुने नेतो. तो कारागीर पुन्हा आमच्याकडे माल देऊ लागला आहे. त्याचे दुपट्टे आम्ही हातातल्या बॅगेत नेतो. बारा दुपट्टे सात किलोच्या मर्यादेत सहज बसतात, वर आमचा एक जोड कपडा आणि औषधेही. निघण्यापूर्वी एकेक दुपट्टा चटईवर पसरून त्याच्यासमोरच छायाचित्र घेतो आणि यादीची एक प्रत त्याला देतो.