भाभींचा कागद

आमच्या शेजारच्या भाभी एका संध्याकाळी सोनोग्राफीचा कागद घेऊन आल्या. मी बी. ए. झालेली, त्यामुळे मोहल्ल्यातले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. ‘आपा, यात सिस्ट लिहिलंय. म्हणजे कॅन्सरच ना?’ भाभी दिवसभर जेवल्या नव्हत्या. घरात कुणाला सांगितलेही नव्हते.

कागदावर ‘नाबोथियन सिस्ट’ असे लिहिले होते. मी काही डॉक्टर नाही. दुसऱ्या दिवशी भाभींना ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी जे समजावले, तेच आज तुम्हाला सांगते.

गर्भपिशवीचे खालचे टोक म्हणजे गर्भाशयमुख. तिथे चिकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर किंवा सूज येऊन गेल्यावर तिथले नवे आवरण कधी कधी या ग्रंथींच्या तोंडावरच वाढते. झऱ्याचे तोंड बुजले की पाणी आत तुंबते. तसा स्राव साठतो आणि पांढरट-पिवळसर फोडासारखी गाठ दिसू लागते. ती बहुधा काही मिलिमीटरचीच असते. मुले झालेल्या कितीतरी बायकांना अशा गाठी असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

जर्मनीतले शरीररचनेचे अभ्यासक मार्टिन नाबोथ यांनी १७०७ साली या गाठींचे वर्णन केले. त्यांना त्या स्त्रीबीजे वाटल्या! विद्वानांची ही गत, तर आमच्या भाभींना काय बोलायचे?

या गाठी सहसा दुखत नाहीत, पाळी बिघडवत नाहीत, मूल होण्याच्या आड येत नाहीत. त्या कॅन्सर नव्हेत. बहुतेकींना औषधही लागत नाही. क्वचित एखादी फार मोठी झाली, जडपणा वाटू लागला किंवा तपासणीत अडथळा आला, तर डॉक्टर ती फोडून निचरा करतात. एवढ्यासाठी पिशवी काढण्याची गरज नसते.

हे मुद्दाम सांगते, कारण भीतीपोटी बायका कशालाही हो म्हणतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणून कुणी ‘काढून टाका’ म्हणाले, तर ‘का?’ असे जरूर विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

पण गाठ साधी निघाली म्हणून तपासणी टाळू नका. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर थांबू नका. हा त्या गाठींचा दोष मानून गप्प बसू नका. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांनी काही त्रास नसतानाही दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, असे सरकारी कार्यक्रमातच सांगितले आहे. सौम्य आम्ल लावून केलेली ही तपासणी काही मिनिटांत होते.

भाभींची तपासणी झाली, सगळे ठीक निघाले. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा माझ्या दारात. या वेळी सोबत नणंद होती. पाळी बंद होऊन चार वर्षे झालेल्या त्या बाईला दोन महिन्यांपासून रक्त जात होते, आणि तिने कुणालाच सांगितले नव्हते. आम्ही तिघी तशाच रिक्षात बसलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)